वेल्डरचा मुलगा आणि वरंधचा मामा

गणपतीला मुंबईकर गावी आले की वरंधच्या घराघरांत बोलणे मुलांवर येते. कोण बिरवाडीच्या एमआयडीसीत चिकटला, कोणाची मुलगी नर्सिंगला लागली, कोणी बारावीनंतर पनवेल गाठले. अलीकडे त्यात नाचाची भर पडली आहे. मोबाइलवर बघून एखादा नऊ-दहा वर्षांचा मुलगा अंगणात कोलांट्या घेतो, भिंतीला पाय लावून उलटा उभा राहतो आणि घरात लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, शिकवा त्याला. दुसरा म्हणतो, वेळीच आवरा.

हे दोन्ही तट मी महाड-पोलादपूरकडच्या अनेक घरांत ऐकले आहेत आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणून ते इथे दोन माणसांच्या तोंडी दिले आहेत. मामा साठी ओलांडलेले. तरुणपणी जाखडीत, म्हणजे कोकणातल्या फेराच्या नाचात, नाचले, पुढे जन्म कारखान्यात काढला. भाची मुंबईत शाळेत शिकवते आणि गणपतीला आजोळी येते. वादाला निमित्त मुंबईतल्या दोन मुलांचे. अमिरुद्दीन शाह वेल्डरचा मुलगा, मनीष चौहान टॅक्सीचालकाचा. दोघे बॅले शिकले, परदेशी गेले आणि त्यांच्यावर सिनेमा निघाला. घरातल्या मुलांनी तो मोबाइलवर पाहिला आणि विषय तिथून सुरू झाला.

भाची: मामा, त्या अमिरुद्दीनच्या घरी नाचाचं काही नव्हतं. वडील वेल्डिंग करणारे, घर झोपडपट्टीतलं. पोरगा कसरती करायचा, उड्या मारायचा. मुंबईत डान्सवर्क्स म्हणून नृत्यशाळा आहे, अ‍ॅशली लोबो यांनी काढलेली. तिथे यहूदा माओर नावाचे सत्तरीचे इस्रायली गुरू बॅले शिकवत होते. त्यांनी या पोराचं अंग पाहिलं आणि त्याला हाताशी धरलं. तीनेक वर्षांत, २०१७ साली, पंधराव्या वर्षी न्यूयॉर्कच्या अमेरिकन बॅले थिएटरच्या शाळेसाठी त्याची निवड झाली. पुढे तो लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये शिकला. जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या शाळांपैकी एक आहे ती.

मामा: पोराचं कौतुक आहे मला. त्याच्या बापाचं जास्त. आता मला सांग, त्याच वस्तीत तशाच उड्या मारणारी पोरं किती असतील?

भाची: पुष्कळ असणार.

मामा: त्यांचं काय झालं ते कुठल्या सिनेमात आहे? एक वर गेला की त्याची गोष्ट होते. ती गोष्ट बाकीच्यांच्या घरात शिरते आणि सांगते की बघा, त्याने केलं, तुम्हाला जमलं नाही. म्हणजे चूक तुमची. अगो, मी कारखान्यात तीस वर्षं पाहिलंय. दर दहा वर्षांनी एक कामगार सुपरवायझर व्हायचा आणि साहेब त्याच्याकडे बोट दाखवायचे. बाकीच्यांनी काय घाम गाळला नव्हता?

भाची: मग गोष्टच सांगू नये का? इथल्या पोरांना नाच म्हणजे हळदीतला डीजे, नाहीतर टीव्हीवरची स्पर्धा एवढंच माहीत. दिवसाचे सहा-सात तास खपून करायचा हा अभ्यास आहे, त्याला शाळा असते, परीक्षा असते, हे त्यांना कोण सांगणार? दार आहे हेच ठाऊक नसेल तर ठोठावणार कुठून?

मामा: दार दाखव. पण दारापर्यंत रस्ता नाही, तेही सांग.

भाचीने मग मनीषची गोष्ट काढली. माझ्या मते या वादात तीच अधिक मोलाची आहे आणि बातम्यांत तीच मागे पडली. मनीषने हिंदी सिनेमातला नाच पाहून एकट्याने कसरती शिकायला सुरुवात केली, टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धेपर्यंत मजल मारली आणि तिथून तो माओर यांच्या वर्गात आला. तेव्हा तो विशीत होता. अमिरुद्दीन किशोरवयीन होता. गुरू एक, वर्ग एक, मेहनतीत कोणी कमी नाही. पण दोघांच्या वयात काही वर्षांचे अंतर होते आणि त्या अंतराने दोघांच्या वाटा वेगळ्या केल्या.

भाची: बॅलेमध्ये पाय खुब्यापासून बाहेर वळवावा लागतो. नुसतं पाऊल वळवून भागत नाही. तसं केलं तर गुडघा जातो. आठव्या-दहाव्या वर्षी हाडं आणि सांधे कोवळे असतात, तेव्हा हळूहळू ते वळण बसतं. घोट्याची ताकद, पावलाची कमान, पाठीचा कणा, सगळं रोजच्या रोज घडवायचं. आधी आडव्या दांड्याला धरून गुडघे वाकवायचे, पाय जमिनीवरून घासत पुढे न्यायचा, परत आणायचा. हेच वर्षानुवर्षं. त्यानंतर उड्या. मनीषने हे सगळं विशीत सुरू केलं. अमेरिकेत ओरेगन बॅले थिएटरपर्यंत तो शिकायला गेला. पण बॅलेच्या मोठ्या कंपनीत ज्या वयात जागा मिळते ते वय त्याच्या हातून गेलं होतं. शेवटी तो आधुनिक नृत्याकडे वळला आणि न्यूयॉर्कमध्ये नाचतो. त्याच्यावर ‘कॉल मी डान्सर’ नावाचा माहितीपट झाला, २०२३ मध्ये. लेस्ली शॅम्पेन आणि पिप गिल्मर या दोघींनी केला.

मामा: म्हणजे पोरात कस होता, गुरू मिळाला, तरीही उशीर झाला.

भाची: हो.

मामा: मग हा उशीर कोणाचा? पोराचा नाही. टॅक्सी चालवणाऱ्या बापाचाही नाही. दहाव्या वर्षी त्या पोराला कोणी सांगायला हवं होतं? तू म्हणतेस गरिबीतून वर आला. मी म्हणतो, गरिबीने त्याची दहा वर्षं खाल्ली आणि उरल्यासुरल्या वर्षांत त्याने जे केलं ते केलं.

भाची: हे मला मान्य आहे, मामा.

मामा: मग ते कौतुकाच्या भाषणात का येत नाही?

इथे मामांचे बोलणे मला पूर्ण पटते. गरिबीतून आलेल्या कलावंताबद्दल आपण असे लिहितो की जणू हालअपेष्टांनीच त्याला घडवले. उपाशी पोटी केलेल्या सरावाने स्नायू तयार होत नाहीत, दुखापती होतात. सिमेंटवर मारलेल्या उडीने नडगीचे हाड दुखावते. आठ माणसांच्या खोलीत झोप पुरी होत नाही, आणि वाढत्या वयातल्या नर्तकाचे अंग झोपेतच भरून येते. मनीष आणि अमिरुद्दीन वर आले ते गरिबीने ज्या गोष्टी दिल्या नव्हत्या त्या कोणीतरी त्यांना दिल्या म्हणून: फुकट वर्ग, लाकडी तळ, रोज हजर असणारा गुरू, परदेशी जाण्याचा खर्च.

मामांना नाचाच्या जमिनीचा विषय फार जवळचा आहे. त्यावर ते बराच वेळ बोलले.

मामा: आम्ही जाखडी कशावर नाचलो? शेणाने सारवलेल्या अंगणावर. मधोमध शाहीर, ढोलकीवाला, झांजवाला बसायचा आणि भोवती आम्ही आठ-दहा जण. पायात चाळ. रात्री दहाला सुरू केलं की उजाडेपर्यंत फेर चालायचा. बसून उठणं, गिरकी, एका पायावर तोल. पण मातीची जमीन, ती पाय झेलते. आता सगळीकडे फरशी आणि कोबा. गेल्या गणपतीत पोरांनी सभामंडपातल्या फरशीवर दोन तास नाच केला आणि दुसऱ्या दिवशी निम्मे गुडघे धरून बसले होते. मी पोरांना सांगितलं, अंगणात या. तर म्हणाले, मामा, अंगण राहिलंय कुठे?

भाची: बॅलेच्या वर्गातली जमीन पोकळ असते. खाली लाकडाच्या पट्ट्या, त्यावर फळ्या, वर पायाला धरणारं व्हिनाइल. उडीवरून खाली आलं की ती किंचित दबते. बॅले आपल्याकडे कमी फोफावला त्याचं एक कारण हेही आहे. नाच शिकायच्या आधी जमीन बांधावी लागते आणि तिला पैसा लागतो.

मामा: आणि आमच्या जाखडीला?

भाची: जाखडीलाही आता लागणार.

मामा: जाखडीतल्या शक्ती-तुऱ्याचे सामने मुंबईत थेटरात व्हायचे. परळच्या दामोदर हॉलमध्ये, गिरगावात साहित्य संघात. तिकिटं काढून लोक यायचे, गिरणीवाले, डॉकवाले, सगळे आपल्याकडचे. सवाल-जवाब असे चालायचे की पुराण तोंडपाठ नसेल तर शाहिराची फजिती. त्या नाचणाऱ्यांतला कोणी न्यूयॉर्कला गेला? कोणी विचारलं तरी का? तुझ्या त्या पोरांचं कौतुक झालं कारण ते साहेबांचा नाच नाचले.

हा आरोप मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याला मनापासून उत्तर दिले पाहिजे. भाचीने ते दिले. आधी तिने बॅले साहेबांचा आहे हे नाकारले नाही. तो युरोपातल्या राजदरबारांत वाढला, हे खरेच आहे. पण दरबारात नाचणारी माणसे दरबारातली नव्हती, असे तिचे म्हणणे.

भाची: अ‍ॅना पाव्हलोव्हाची आई धोबीण होती. रशियात, सेंट पीटर्सबर्गला. आठ वर्षांच्या मुलीला आईने एकदा मारिन्स्की थिएटरमध्ये ‘स्लीपिंग ब्यूटी’ हा बॅले दाखवायला नेलं आणि मुलीने तिथेच ठरवलं. पहिल्यांदा शाळेत घेतलं नाही, लहान आहे म्हणाले. १८९१ मध्ये दहाव्या वर्षी प्रवेश मिळाला. पुढे तिने साऱ्या जगात दौरे केले, १९२० नंतरच्या वर्षांत मुंबईतही येऊन नाचली. आपले उदय शंकर तिच्याबरोबर राधा-कृष्णाच्या नृत्यात उभे राहिले ते १९२३ मध्ये.

मामा: त्या शाळेची फी कोण भरत होतं? धोबीण?

भाची: नाही. ती झारची शाळा. सरकारी खर्चाने मुलं राहायची, जेवायची, शिकायची.

मामा: आता कसं बोललीस.

भाची: क्यूबाचा कार्लोस अकोस्टा घ्या. हवानातल्या गरीब वस्तीतला, वडील ट्रक चालवायचे, अकरा भावंडांत हा धाकटा. पोरगा गल्लीत वाया चाललेला. बापाने त्याला बॅलेच्या शाळेत घातलं, कारण तिथे शिस्त लागेल आणि दुपारचं जेवण फुकट मिळेल. पोराला फुटबॉल खेळायचा होता. तो शाळा बुडवायचा, त्याला काढूनही टाकलं. मग दुसऱ्या गावच्या शाळेत घातलं. आणि १९९० मध्ये त्याच पोराने स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. पुढे लंडनच्या रॉयल बॅलेत पहिल्या फळीचा नर्तक झाला. ज्या संस्थेच्या शाळेत अमिरुद्दीन गेला, तीच ही संस्था.

मामा: दुपारचं जेवण! हे मला पटलं. बापाने बरोबर केलं. कला-बिला पुढची गोष्ट, आधी पोराच्या पोटात दोन घास.

भाची: मामा, तुम्ही त्याच बापासारखे आहात.

मामा: असेन. पण मग तूच सांग, झार असो की क्यूबाचं सरकार, कोणीतरी शाळा चालवली म्हणून धोबिणीची आणि ट्रकवाल्याची पोरं वर आली. आपल्याकडे शाळा कुठंय? एक परदेशी म्हातारा मुंबईत आला, त्याने दोन पोरांत जीव ओतला. तो आला नसता तर?

भाची: तर ते दोघेही आज टीव्हीच्या कुठल्यातरी स्पर्धेनंतर विसरले गेले असते.

मामा: झालं तर मग. तो योगायोग झाला. योगायोगावर मी शेजारी उड्या मारणारा तो पोरगा पाठवू?

मामांचा मुद्दा इतका सरळ आहे की त्याला बगल देता येत नाही. पाव्हलोव्हा, अकोस्टा, आणि रेल्वेच्या डब्यात जन्मलेला, उफा शहरात हलाखीत वाढलेला रुडॉल्फ नुरेयेव्ह, या सगळ्यांच्या चरित्रांत एक गोष्ट सारखी आहे. मुलाची हौस आणि आईबापांची गरिबी यांच्यामध्ये एक बिनफीची शाळा उभी होती. नुरेयेव्ह १९५५ मध्ये सतरा वर्षांचा असताना लेनिनग्राडच्या शाळेत पोहोचला. तोही उशीरच होता, पण शाळा होती म्हणून उशीर भरून निघाला. मुंबईच्या दोन मुलांच्या बाबतीत शाळेची जागा एका माणसाने भरून काढली. यहूदा माओर यांचे ऋण त्यामुळेच मोठे आहे, आणि आपल्या सार्वजनिक व्यवस्थेची उणीवही त्यातच दिसते.

आता मामांनी घाटापलीकडचे दाखले काढले. पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढले की महाबळेश्वर, पाचगणी आणि खाली वाई. वाई म्हटल्यावर मामांच्या पिढीला आधी यमुनाबाई आठवतात.

मामा: यमुनाबाई वाईकर. कोल्हाट्याच्या घरात जन्मल्या. लहानपणी आईबरोबर गावोगाव, रस्त्यावर. त्यातून बैठकीची लावणी अशी उभी केली की दिल्लीने संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार दिला, २०१२ मध्ये पद्मश्री दिली. नव्वदी उलटल्यावर! २०१८ मध्ये वाईतच गेल्या, शंभरी ओलांडून. इथून गाडीने काही तासांवर राहणारी बाई. आमच्या पोरांना तिचं नाव सांगितलंस कधी? लंडनच्या शाळेचं सांगतेस.

भाची: सांगायला हवं होतं. सांगेन.

मामा: आणि तमाशातली विठाबाई नारायणगावकर? पोटुशी असताना फडावर नाचली. कळा आल्या तशी पडद्यामागे गेली, बाळंत झाली आणि परत बोर्डावर उभी राहिली. राष्ट्रपतींचं पदक मिळालं. आणि शेवट? हलाखीत गेली, २००२ मध्ये. आज सरकार तिच्या नावाने जीवनगौरव देतं. जिवंतपणी तिला काय दिलं? म्हणून म्हणतो, प्रसिद्धी आणि भाकरी ही दोन वेगळी खाती आहेत.

भाची: मामा, एक विचारू? यमुनाबाईंनी नाच निवडला होता का?

मामा: निवडायचा काय? जातीनेच होता.

भाची: तेच तर. त्यांच्या घरच्या मुलीने नाचायचंच, आणि आपल्या घरच्या मुलीने नाचायचंच नाही. दोन्ही ठिकाणी मुलीला कोणी विचारलं नाही. यमुनाबाई मोठ्या झाल्या त्या स्वतःच्या ताकदीवर, पण समाजाने त्यांना दुसरी वाट ठेवली नव्हती. अमिरुद्दीनच्या घरी बॅले कोणाच्या सात पिढ्यांत नव्हता. त्याला तो वारशाने आला नाही, त्याने तो मागून घेतला. मला त्या गोष्टीतलं हेच आवडतं. लंडन नाही.

मामा: मागून घ्यायला देणारा लागतो.

भाची: आणि नाही म्हणणाऱ्याला विचारणारा लागतो. आपण महाडचे आहोत, मामा. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते पाणी कोणाचं हे विचारायला. सार्वजनिक तळं सगळ्यांचं, एवढं साधं ते सांगणं. पाणी हा जगण्याचा हक्क, नाच त्याच्या तोडीचा नाही, हे मला कळतं. पण अमका नाच अमक्यांचा, तमका तमक्यांचा, असं म्हणायला लागलो तर आपण महाडचं काही शिकलो नाही.

मामांनी यावर लगेच उत्तर दिले नाही, पण त्यांनी हार मानली असेही नाही. त्यांचे म्हणणे असे की हक्क मान्य, पण आपले सोडून परके कशाला. भाचीने त्यावर पार्वतीकुमारांचे उदाहरण दिले. महादेव कांबळी हे त्यांचे मूळ नाव, मूळ कोकणातले. मुंबईत त्यांनी भरतनाट्यम आत्मसात केले, नृत्यनाट्ये बसवली आणि तंजावरच्या सरफोजी राजांनी नृत्यासाठी लिहिलेल्या मराठी रचना शोधून रंगमंचावर आणल्या. मराठी राजा तमिळ मुलखात बसून तिथल्या नाचासाठी मराठीत पदे लिहितो आणि दीडशेहून अधिक वर्षांनी एक कोकणी माणूस ती जिवंत करतो. आपले काय आणि परके काय, हे इतक्या सहज ठरत नाही. हे भाचीचे उत्तर मला निर्णायक वाटते.

मामा: बरं. पोरीचं काय?

भाची: कुठल्या?

मामा: तू सांगितलेली मुंबईची दोन्ही पोरंच. शेजारी उड्या मारतो तोही पोरगाच. त्याची बहीण त्याच्यापेक्षा लवचीक आहे, मी रोज बघतो. ती चोरून करते. आई हाक मारते, भांडी घास. जाखडीत आमच्या वेळी बाई नव्हतीच. आता बायकांची मंडळं आहेत, चांगलं झालं. पण या पोरीला बॅलेला पाठवतो म्हटलं तर तिचा बाप मला घरात घेईल का?

भाची: तुम्ही बोलाल का त्याच्याशी?

मामा: आधी मला सांग तिने काय घालायचं ते. ते तंग कपडे बघून गाव काय म्हणेल?

भाची: शाळेच्या खेळाच्या गणवेशात सुरुवात होते, मामा. पहिली दोन वर्षं त्याहून जास्त काही लागत नाही.

मामा: मग बोलेन.

हा भाग मी मुद्दाम पूर्ण दिला आहे. गरीब घरातून वर आलेल्या नर्तकांच्या आपल्याकडच्या ताज्या गोष्टी मुलग्यांच्या आहेत. जगभर बॅलेच्या वर्गांत मुलींची गर्दी असते आणि मुलगे कमी पडतात, म्हणून होतकरू मुलग्याला शिष्यवृत्ती तुलनेने लवकर मिळते. आपल्याकडे मुलगा निदान गल्लीत उड्या मारू शकतो, लोकलने एकटा वर्गाला जाऊ शकतो. मुलीच्या आड गरिबीच्या आधी घराचा उंबरठा येतो. मामांनी हे स्वतःहून काढले, याचे मला फार कौतुक वाटले.

पैशाचा हिशेब मात्र राहिलाच होता आणि मामा तो सोडणारे नव्हते.

मामा: किती वर्षं नाचतो हा नाचणारा?

भाची: बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीपर्यंत. अकोस्टा चाळिशी उलटेपर्यंत नाचला, पण तसे थोडे. आता तो बर्मिंगहॅमच्या रॉयल बॅलेचा संचालक आहे, २०२० पासून.

मामा: म्हणजे एकाला संचालकाची खुर्ची. बाकीचे?

भाची: शिकवतात. नृत्य बसवतात. काही जण व्यायामाचे, फिजिओथेरपीचे शिक्षण घेतात. काही जण साफ वेगळं काम करतात.

मामा: मग मी म्हणतो ते ऐक. पोराला दहावी झाल्याशिवाय सोडायचा नाही. नाच शिकव, पण गणित सोडू देऊ नकोस. आणि बॅलेच शिकव असा माझा हट्ट नाही, तुझाही नसावा. पोराचं अंग आधी तयार होऊ दे. तोल, उडी, ताल, शिस्त. त्याला जाखडीही येऊ दे. मग पुढे तो काय निवडतो ते त्याचं तो बघेल.

भाची: मला पहिल्यापासून एवढंच हवं होतं.

मामा: नाही, तुला लंडन हवं होतं.

भाची: लंडन मला आजही हवंय. पण ते पोरांना हवं असेल तर.

बॅले इथे रुजेल यावर मामांचा विश्वास शेवटपर्यंत बसला नाही आणि आपले सोडून त्यामागे जावे हे त्यांना आजही पटत नाही. भाचीला जाखडी कमी प्रतीची वाटते असा त्यांचा समज आहे. तो पूर्ण खोटा आहे असे मी म्हणणार नाही. पण एका गोष्टीवर दोघे एकत्र आले, आणि ती करता येण्यासारखी आहे. म्हणून ती इथे स्पष्ट लिहितो.

आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक गावाचे मुंबईत ग्रामस्थ मंडळ आहे. देवळाचा जीर्णोद्धार, सभामंडप, कमान, पालखीचे सामान, हे सगळे या मंडळांच्या वर्गणीतून उभे राहते. तळियेत २०२१ च्या जुलैमध्ये दरड कोसळली तेव्हा याच मुंबईकरांनी आणि आजूबाजूच्या गावांनी धान्य, कपडे, पैसा पोहोचवला. ही माणसे एकत्र आली की काम होते. दर वर्षीच्या वर्गणीतला एक लहान हिस्सा मुलांच्या नृत्यशिक्षणासाठी बाजूला काढणे त्यांना जड नाही.

त्या पैशातून तीन गोष्टी व्हाव्यात. वरंध, बिरवाडी आणि पोलादपूर इथे प्रत्येकी एका शाळेचे किंवा मंदिराचे सभागृह संध्याकाळी दोन तास उघडे राहावे आणि त्यातल्या एका कोपऱ्यात फरशीवर फळ्यांचा तळ टाकावा. गावातला सुतार तो करू शकतो. महाड किंवा पनवेलहून आठवड्यातून दोनदा येणाऱ्या प्रशिक्षित नृत्यशिक्षकाला प्रवासखर्च आणि मानधन मिळावे, आणि त्याच्या जोडीला गावातल्या एका जुन्या जाखडी नर्तकालाही मानाने बोलावून मानधन द्यावे. वर्ग आठ ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी असावा, फी नसावी, आणि शिकून घरी जाताना मुलांच्या हातात उसळ किंवा केळे, अंडे असे काहीतरी पडावे. मुलींची संख्या मुलांइतकी ठेवण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी.

दहाव्या वर्षी जे मिळाले नाही ते विसाव्या वर्षी भरून काढायला मनीष चौहानला किती झगडावे लागले, हे पडद्यावर सगळ्यांनी पाहिले आहे. आपल्या मुलांची ती दहा वर्षे अजून जायची आहेत. मुंबईकर मंडळींना विनंती आहे की विसर्जनानंतर परतीच्या गाड्या धरण्याआधी जी सभा होते, तिच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा.